भंडारदरा: आधी महिना ठरवा, मग तलावाची बाजू, मग जागा

‘भंडारदऱ्याला दोन दिवस चाललोय, काय काय बघू?’ असं विचारलं की सगळीकडून एकच यादी येते. धरण, अंब्रेला फॉल, रंधा धबधबा, अमृतेश्वर, रतनगड, सांदण दरी, घाटघरचा कोकणकडा, कळसूबाई, काजवे. यादी खरी आहे. अडचण एवढीच की या सगळ्या गोष्टी एकाच वेळी बघण्यासारख्या कधीच नसतात. अंब्रेला फॉल जोरात असतो तेव्हा सांदणमध्ये पाऊल टाकायचं नसतं. सांदण मोकळी होते तेव्हा धबधबे आटलेले असतात. काजवे दिसतात ते दिवस तर या दोन्हींच्या मधले. तरी लोक यादी घेऊन येतात, पहिला अर्धा दिवस तलावाला उलटसुलट चकरा मारण्यात घालवतात आणि रविवारी दुपारी कसारा घाटातल्या गर्दीत बसून म्हणतात, ‘नीट काही बघितलंच नाही.’

म्हणून खालचा क्रम मोडू नका. आधी महिना, मग मुक्कामाची बाजू, मग रोजचा वेळ आणि सगळ्यात शेवटी जागा.

नकाशा डोक्यात पक्का हवा. भंडारदरा अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, प्रवरा नदीवर. बाजारपेठ, एसटीचा थांबा, बरीचशी हॉटेलं आहेत ती धरणाला लागून असलेल्या शेंडी गावात. तिथून धरणाच्या जलाशयाला फेरी मारणारा रस्ता निघतो. एका अंगाने मुरशेत, पांजरे, उडदावणे करत घाटघर. दुसऱ्या अंगाने मुतखेल, कोलटेंभे करत रतनवाडी. घाटघर आणि रतनवाडीच्या मधे साम्रद, जिथून सांदण दरी सुरू होते. पूर्ण फेरी साधारण ४५ ते ५० किलोमीटरची. कळसूबाई या फेरीत नाही. तिच्या पायथ्याचं बारी गाव घोटीहून शेंडीला येणाऱ्या रस्त्यावर, शेंडीच्या सहा-सात किलोमीटर अलीकडे. रंधाही फेरीत नाही. तो शेंडीहून राजूरच्या दिशेने, दहाएक किलोमीटरवर.

टप्पा १: महिना ठरवा

मेअखेर ते जूनचा पहिला जोरदार पाऊस: काजव्यांचे दिवस. जलाशय खाली गेलेला असतो, कडेला चिखल आणि भेगाळलेली जमीन. दुपारी उन्हाचा तडाखा, संध्याकाळी वळवाचा धोका. या दिवसांत फक्त काजव्यांसाठी या आणि पहाटे जमलं तर कळसूबाई करा. बाकी यादी घरी ठेवा.

जुलै, ऑगस्ट: धबधबे, भातलावणी, धुकं. गाडीतून फेरी, रतनवाडीचं मंदिर, रंधा आणि धरणाचा परिसर. घाटघरकडे पाऊस इतका कोसळतो की कड्यावरून समोर फक्त पांढरा पडदा दिसतो. कळसूबाई होते, पण निसरडी असते. रतनगड सरावाच्या माणसांनीच करावा. सांदण बंद समजा.

सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा आणि ऑक्टोबर: एकच वेळ निवडायची असेल तर मी ही निवडेन. पाऊस ओसरलेला, जलाशय काठोकाठ, खाचरांत भात पोटरीला आलेला किंवा पिवळा पडू लागलेला, पठारांवर सोनकी आणि तेरडा. रतनगड आणि कळसूबाई दोन्ही मोकळे. सांदणमध्ये मात्र अजून पाणी जास्त असतं.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी: सांदण, कळसूबाई, घाटघरचा सूर्यास्त. तलावाकाठी रात्री चांगलीच थंडी पडते. धबधबे नसतात, हे गृहीत धरून या.

मार्च ते मेचा मध्य: सांदण सगळ्यात सोपी, कारण डोह आटत आलेले असतात. चढाईचं जे काही असेल ते सकाळी दहाच्या आत संपवायचं.

नेहमीची चूक: ऑगस्टमधली रील बघून जानेवारीत येणं. अंब्रेला फॉल हा डोंगरातून आपोआप पडणारा धबधबा नाही. धरणाच्या मोरीतून पाणी सोडलं की ते खालच्या गोलसर कातळावर पडून छत्रीसारखं पसरतं. मोरी बंद, तर फॉल बंद. रंध्याचंही पावसाळ्यानंतर तसंच, वरून धरणातून किती पाणी सुटतंय त्यावर ते ठरतं. निघायच्या आदल्या दिवशी मुक्कामाच्या ठिकाणी फोन करून एवढंच विचारा: ‘पाणी सोडलंय का?’

टप्पा २: मुक्काम कोणत्या बाजूला?

‘तलाव दिसणारी खोली’ एवढ्याच निकषावर बुकिंग करू नका. दुसऱ्या दिवशी पहाटे तुम्हाला कुठे असायचंय, त्या बाजूला झोपा.

कळसूबाई मुख्य असेल तर शेंडी किंवा थेट बारी. रतनगड असेल तर रतनवाडी. सांदण असेल तर साम्रद. रतनवाडी आणि साम्रदमध्ये गावातली घरं मुक्कामाला आणि जेवायला देतात. सोय साधी असते. अंथरूण-पांघरूण मिळतं, पण आपली चादर न्यावी. शेंडीहून साम्रदला वळणावळणाच्या, मधेमधे उखडलेल्या रस्त्याने जायला तासभर लागतो. पहाटे पाचला उठून हा तास गाडीत घालवण्यापेक्षा रात्रीच तिकडे पोहोचलेलं बरं.

लहान मुलं किंवा वयस्कर माणसं बरोबर असतील तर शेंडीच. दुकानं, औषधं आणि रस्ता जवळ राहतो.

आता तंबूंविषयी. जलाशयाच्या काठाने तंबूंच्या रांगा लागतात आणि फोटोत छान दिसतात. ठरवण्याआधी तीन गोष्टी विचारा: तंबू पाण्यापासून किती दूर, शौचालय किती तंबूंमागे एक, आणि रात्री गाणी किती वाजता बंद होतात. तिसऱ्या प्रश्नावर समोरचा नुसता हसला, तर दुसरीकडे बघा.

इशारा: जलाशयात पोहू नका. काठ उथळ वाटतो, पण पाण्याखाली जुनी खाचरं, बांध आणि ओढ्यांची पात्रं आहेत. गुडघाभर पाण्यातून पुढचं पाऊल थेट खोलात जातं, शिवाय तळाच्या गाळात पाय रुततो. पोहता येणारी माणसंही इथे बुडाली आहेत.

टप्पा ३: घरून निघण्याआधी

मुंबई-नाशिककडून येणाऱ्यांनी महामार्ग घोटीला सोडायचा. तिथून शेंडी साधारण ३५ किलोमीटर. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाल्यापासून ठाणे-भिवंडीकडच्यांना कसारा घाट टाळून इगतपुरीला उतरता येतं. पुणेकरांनी संगमनेर, अकोले, राजूर असं यावं. मोबाइलवरचा नकाशा कधीकधी आतल्या गावांतून ‘जवळचा’ रस्ता सुचवतो. पावसाळ्यात आणि अंधार पडल्यावर त्याचं ऐकू नये.

रेल्वेने येणाऱ्यांना इगतपुरी सोयीचं. तिथून घोटी, आणि घोटीहून शेंडी-राजूरकडे जाणारी एसटी किंवा काळीपिवळी जीप. जीप भरल्याशिवाय हलत नाही. तो वेळ धरूनच निघा. शेंडीपर्यंत असं जमतं. फेरीसाठी मात्र गाडी ठरवावी लागते, कारण साम्रदला उतरून परतीची बस मिळेल या भरवशावर राहणं म्हणजे तिथेच मुक्काम करणं.

बरोबर काय हवं:

- रोख आणि सुट्टे पैसे. नाक्यावरची पावती, पार्किंग, गावातलं जेवण, वाटाड्या, सगळीकडे रोख लागते. रेंज नसली की मोबाइलवरून पैसे देणंही बंद.
- घोटीला किंवा राजूरला टाकी भरून घ्या. फेरीच्या रस्त्यावर पंप शोधायची वेळ येऊ देऊ नका.
- माणशी एक बॅटरी. मोबाइलचा उजेड मोजू नका, तो हातात धरावा लागतो आणि शिडीवर दोन्ही हात लागतात. डोक्याला बांधायची असेल तर उत्तम.
- खाचा असलेल्या, पकड घेणाऱ्या तळाचे बूट. झिजलेले पळायचे बूट ओल्या कातळावर साबणासारखे सरकतात.
- पावसाळ्यात छत्री नको, रेनकोट घ्या. वाऱ्यात छत्री उलटते आणि एक हात अडकून राहतो.
- नकाशा आधीच मोबाइलमध्ये उतरवून ठेवा. घाटघर, साम्रद, रतनवाडी या भागात रेंज भरवशाची नाही.

हा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. फेरीच्या रस्त्यावर वनखात्याच्या नाक्यावर माणसांचं आणि गाडीचं शुल्क भरून पावती मिळते. ती दिवसभर जपून ठेवा, पुढच्या नाक्यावर विचारतात. दारूच्या बाटल्या सापडल्या तर गाडी तिथूनच परत फिरते. जोराच्या पावसात प्रशासन काही जागा बंद ठेवतं. ‘आम्ही फार लांबून आलोय’ हे कारण नाक्यावरच्या माणसाने दिवसातून शंभरदा ऐकलेलं असतं, त्यामुळे वाद घालू नका.

तपासून घ्या: घरच्यांना मुक्कामाच्या जागेचा नंबर दिलाय का? ‘संध्याकाळी सातपर्यंत फोन आला नाही तर तिकडे फोन करा’ असं सांगितलंय का? तुमचा फोन लागणार नाही, पण गावात कुणाचा तरी लागतो.

टप्पा ४: पोहोचण्याचा दिवस हलका ठेवा

पहिल्या दिवशी दुपारी बाराला पोहोचून लगेच कळसूबाई चढायला निघणारे फार. नको. रात्रीची अपुरी झोप, चार-पाच तासांचा प्रवास आणि वर भर दुपार. हा दिवस जवळच्या जागांचा.

पुण्याकडून राजूरमार्गे येत असाल तर रंधा वाटेतच लागतो. तो येतानाच बघून घ्या, शेंडीहून पुन्हा मागे येऊ नका. घोटीकडून आलात तर जेवून दुपारी जा. रंध्याला बघण्याच्या जागा कठड्याच्या आतल्या बाजूलाच आहेत. कठड्यापलीकडचा कातळ कोरडा दिसला तरी शेवाळाने बुळबुळीत असतो. इथे याहून जास्त काही करायचं नाही. अर्धा-पाऊण तास पुरे.

संध्याकाळी धरणाची बाजू. धरणाच्या भिंतीवर जायला परवानगी लागते, बहुतेक वेळा ती नसते. खालची बाग आणि अंब्रेला फॉलचा परिसर कधी उघडा, कधी बंद, म्हणून शेंडीत विचारूनच वळा.

रात्री जेवताना दोन कामं उरका. उद्याचा नाष्टा किती वाजता मिळेल ते विचारा (पहाटे पाचला कुणी पोहे करून देणार नाही, म्हणून दशम्या किंवा केळी-चिक्की आणलेली बरी). आणि उद्याच्या वाटाड्याशी बोलून वेळ आणि पैसे दोन्ही आत्ताच ठरवा. पायथ्याशी, निघायच्या क्षणी घासाघीस केली की दोघांचाही दिवस कडवट सुरू होतो.

टप्पा ५: तलावाची फेरी, पण कोणत्या दिशेने?

हा प्रश्न कुणी विचारतच नाही, आणि वेळ सगळ्यात जास्त इथेच वाया जातो. घाटघरचा कोकणकडा पश्चिमेला तोंड करून आहे. त्याचा उजेड संध्याकाळचा. म्हणजे सकाळी शेंडीहून मुतखेलच्या बाजूने निघा, आधी रतनवाडी, मग साम्रद, मग घाटघर आणि परत पांजरे-मुरशेतवरून शेंडी. उलट दिशेने गेलात तर सकाळी घाटघरला धुकं बघाल आणि संध्याकाळी रतनवाडीच्या दरीत, जिथे सूर्य डोंगराआड लवकर जातो, मंदिर अंधारात बघाल.

रतनवाडीच्या अमृतेश्वराला तासभर द्या. बहुतेक लोक मंदिरासमोर फोटो काढून निघतात. बाहेरच्या भिंतीवरचं कोरीवकाम सकाळच्या तिरप्या उन्हात उठून दिसतं. सावकाश पूर्ण प्रदक्षिणा घाला. जवळच पायऱ्यांची चौकोनी पुष्करणी आहे, तिच्या भिंतीतल्या देवकोष्ठांत विष्णूच्या मूर्ती आहेत. ती बघायची राहून जाते. पावसाळ्यात पायऱ्यांवर शेवाळ असतं, उतरू नका.

जेवणाची पद्धत समजून घ्या. रतनवाडीत किंवा साम्रदला सकाळी पोहोचल्याबरोबर एखाद्या घरी माणसं मोजून सांगायचं आणि दोन-तीन तासांनी जेवायला यायचं. ‘मावशी, आठ जण आहोत, दीडला येतो, नाचणीची भाकरी जमेल का?’ एवढं पुरतं. आयत्या वेळी आठ माणसं दारात उभी राहिली तर चूल पेटवण्यापासून सुरुवात होते, भाकऱ्या एकेक करून थापल्या जातात आणि तुमची घाटघरची संध्याकाळ तिथेच जाते. पिठलं, ठेचा, भाकरी, भात असं साधं जेवण असतं. या भागातला काळभात मिळाला तर आवर्जून घ्या. सांगितलेल्या आठऐवजी पाचच जेवले तर पैसे आठांचे द्या, स्वयंपाक आठांचा झालेला असतो.

घाटघरला सूर्यास्ताच्या तासभर आधी पोहोचा. खाली कोकण आणि चोंढ्याकडचा घाटघर वीजप्रकल्पाचा खालचा जलाशय दिसतो. धुकं असेल तर लगेच परत फिरू नका. ते सरकतं, अर्धा तास थांबा. अर्ध्या तासात हललं नाही, तर मात्र निघा.

इशारा: कड्याच्या काठावर वारा कोकणातून वर उसळतो. टोपी, ओढणी किंवा मोबाइल धरायला माणूस आपोआप पुढे झुकतो. काठापासून दोन-तीन पावलं मागेच राहा आणि मुलांचा हात सोडू नका. अंधार पडल्यावर परतीचा वीस-बावीस किलोमीटरचा रस्ता जंगलातून आहे. गाडी हळू चालवा, रस्त्यावर गुरं बसलेली असतात.

टप्पा ६: सांदण दरी

सांदण ही जमिनीला पडलेली अरुंद, खोल भेग आहे. दोन्ही बाजूंना उभे कातळ, काही ठिकाणी हात पसरले तर दोन्ही भिंतींना टेकतील इतकी चिंचोळी. वरून ही भेग लांबून दिसतही नाही. साम्रदपासून सपाटीवरून थोडं चाललं की अचानक उतार लागतो आणि आपण आत असतो.

ती कशी करायची ते क्रमाने:

१. सकाळी आठच्या आत साम्रद सोडा. शनिवार-रविवारी दहानंतर आत रांग लागते. अरुंद जागेत येणारे आणि जाणारे समोरासमोर येतात आणि डोहाजवळ तासतासभर खोळंबा होतो.

२. वाटाड्या घ्या. वाट चुकेल म्हणून नव्हे, आत वाट एकच आहे. त्या दिवशी पाणी किती आहे, डोहात पाय कुठे टाकायचा, कोणता दगड हलतो हे त्याला माहीत असतं.

३. मोबाइल, पाकीट, गाडीची किल्ली प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून सॅकच्या वरच्या कप्प्यात ठेवा. डोहाशी पोहोचल्यावर हे करायला जागा नसते, मागून माणसं येत असतात.

४. वाटेत दोन डोह लागतात. पहिला सहसा उथळ, दुसरा खोल. पावसाळ्यानंतरच्या महिन्यांत दुसऱ्यात पाणी छातीपर्यंत येऊ शकतं, उन्हाळ्यात ते घोट्यापर्यंत किंवा त्याहूनही खाली जातं. बूट काढू नका. तळाशी गोटे आहेत, अनवाणी पाय त्यांच्या फटीत अडकतो. ओले बूट घालून पुढे चालायचं, हे आधीच मान्य करून टाका. सॅक डोक्यावर धरा, एक हात भिंतीला. पाऊल उचलून पुढे टाकू नका, तळ चाचपत सरकवा. पाणी बर्फासारखं थंड असतं आणि पहिल्या क्षणी श्वास अडकतो. थांबा, दोन श्वास घ्या, मग पुढे.

५. डोहांनंतर मोठमोठ्या धोंड्यांचा उतार सुरू होतो. धोंड्यावरून धोंड्यावर उड्या मारू नका. बसा, पाय खाली सोडा, मग उतरा. गुडघे आणि घोटे इथेच दुखावतात.

६. जिथे दोर लावून उतरायचा पहिला टप्पा येतो, तिथे सर्वसाधारण माणसाने परत फिरायचं. पुढे दोर, हार्नेस, हेल्मेट आणि ते हाताळणारी अनुभवी टोळी लागते. ती वाट थेट खाली कोकणात उतरते. तिची तयारी वेगळी, ती या लेखात नाही.

परतताना तेच डोह, तेच धोंडे, पण आता चढाचे. एकूण चार तास धरा.

नेहमीच्या चुका: परत फिरण्याची वेळ न ठरवणं. जीन्स घालून येणं, कारण ती ओली झाली की पायाला चिकटते आणि गुडघा वाकत नाही. भिंतींवरून आवाज कसा घुमतो ते बघायला आरडाओरडा करणं. आणि वरच्या काठावरून गंमत म्हणून खडा टाकणं, जी खालच्याच्या जिवावर बेतू शकते.

इशारा: पाऊस असताना, आदल्या रात्री पाऊस झाला असेल तर, किंवा आभाळ भरून आलं असेल तर आत जाऊ नका. वरच्या सड्यावर पडलेलं सगळं पाणी याच भेगेतून खाली जातं, आणि आत चढून बाजूला व्हायला जागा नाही. साम्रदवर ऊन असेल आणि डोंगरात वळीव पडत असेल, तरीही हाच नियम. गावातला माणूस ‘आज नको’ म्हणाला की विषय संपला.

टप्पा ७: रतनगड

सांदण आणि रतनगड एकाच दिवशी करायचा बेत बरेच जण आखतात. पायांत दम असेल तर होतं, पण दोन्ही अर्धवट होतात. वेगळा दिवस द्या.

रतनवाडीहून सकाळी सातच्या आत निघा. सुरुवातीची वाट प्रवरेच्या ओढ्याला लागून जाते आणि तो पुन्हा पुन्हा ओलांडते. पावसाळ्यात सकाळी घोटाभर असलेलं पाणी दुपारी मांडीला लागतं. जाताना ओलांडलेल्या प्रत्येक ठिकाणी एखादा दगड खुणेला धरा आणि परतताना पाणी त्याच्यावर चढलं असेल तर थांबा. पाऊस उघडला की ओढा उतरतोही तितक्याच लवकर.

पुढे दाट झाडीत चढ लागतो. मधे एके ठिकाणी कात्राबाईच्या खिंडीतून हरिश्चंद्रगडाकडे जाणारी वाट फुटते. पहिल्यांदा येणारे हमखास इथे चकतात. ती वाट रुळलेली आहे आणि तासभर चालेपर्यंत चूक लक्षात येत नाही. रतनगडची वाट सतत वर नेते. बराच वेळ सपाट चालत असाल, तर मागे या.

वर कातळाला लोखंडी शिड्या लावल्या आहेत. एका वेळी एकच माणूस. सॅकचे पट्टे घट्ट आवळा, लोंबती चटई किंवा बाटली आत टाका, कारण ती शिडीच्या पायरीत अडकते. हाताने पायरी धरण्याआधी हलकेच ओढून बघा. उतरताना तोंड शिडीकडे.

शिड्यांनंतर गणेश दरवाजा, पुढे गुहा, आणि गडाच्या माथ्यावर नेढं, म्हणजे कड्याला पडलेलं आरपार भोक. तिथे बसून जेवायचा मोह सगळ्यांनाच होतो. वारा इतका असतो की डब्याचं झाकण उडून दरीत जातं. बसा, पण डबा गुहेत उघडा.

त्र्यंबक दरवाजाने साम्रदला उतरता येतं. ती वाट सुरेख आहे, पण मग गाडी रतनवाडीत आणि तुम्ही साम्रदला, हे आधी ध्यानात घ्या. गाडी फिरवून आणणारा माणूस सकाळीच ठरवलेला हवा.

तपासून घ्या: दुपारी दीडपर्यंत माथ्यावर पोहोचला नसाल तर जिथे असाल तिथून परत फिरा. झाडीतला उतार अंधारात उतरायचा नसतो.

टप्पा ८: कळसूबाई, परतीच्या दिवशी

घोटीमार्गे परतणाऱ्यांनी कळसूबाई शेवटच्या दिवशी ठेवावी, कारण बारी परतीच्या रस्त्यावरच आहे. खोली पहाटेच सोडायची, सामान गाडीत टाकायचं, उतरून जेवून थेट घरी. पुण्याकडे जाणाऱ्यांनी ती दुसऱ्या दिवशी करावी.

महाराष्ट्रातलं सर्वोच्च शिखर, १६४६ मीटर. बारीपासून जवळपास आठशे मीटरचा चढ. वाट ठळक आहे, अवघड जागी शिड्या आणि कठडे आहेत, म्हणून लोक तिला सोपी समजतात. ती सोपी नाही, फक्त सुरक्षित केलेली आहे. नेहमी न चालणाऱ्याला चढायला तीन-चार तास आणि उतरायला अडीच तास लागतात.

पहाटे पाच-साडेपाचला निघा. शनिवारी रात्री निघून सूर्योदयाला माथ्यावर पोहोचण्याची टूम आहे. तिचा परिणाम असा की रविवारी पहाटे शिड्यांखाली शेकडो माणसं अंधारात ताटकळत उभी असतात. सूर्योदय हवाच असेल तर आडवारी या.

गावातून निघाल्यावर शेतांच्या बांधावरून, ओढा ओलांडून वाट चढाला लागते. वाटेत खालच्या टप्प्यावर देवीचं मंदिर आहे. वर जाता न येणारी वयस्कर मंडळी इथेच दर्शन घेतात. तुमच्यातलं कुणी इथपर्यंतच धापा टाकत असेल तर त्यांना इथे थांबवा. वरच्या चढावर मधे सोडलेला माणूस एकटा खाली येतो, आणि ते धोक्याचं.

शिड्यांचे टप्पे एकामागून एक येतात. वर माथ्याखाली सपाटी आहे, विहीर आहे, झोपडीतून लिंबूसरबत आणि पिठलं-भाकरी मिळते. तिथून समोर शिखर आणि शेवटची शिडी. माथा लहान आहे, मधे मंदिर. पश्चिमेला अलंग, मदन, कुलंग ओळीने दिसतात. ते बघून ‘पुढच्या वेळी तिकडे’ असं ठरवणाऱ्यांसाठी एवढंच, की अलंग आणि मदनला दोर लागतो, कळसूबाई केली म्हणून ते जमत नाहीत.

पाणी माणशी तीन लिटर, उन्हाळ्यात चार. झोपड्यांच्या भरवशावर कमी नेऊ नका, आडवारी त्या बंद असू शकतात. माकडं आहेत. खाऊची पिशवी हातात दिसली की झडप घालतात, म्हणून खाणं सॅकमध्येच ठेवा. पिशवी ओढली गेलीच तर सोडून द्या, शिडीजवळ माकडाशी झटापट करायची नाही.

नेहमीची चूक: उतरताना पळणं. गुडघे त्याच रात्री सांगत नाहीत, दुसऱ्या दिवशी जिना उतरताना सांगतात. काठी जवळ ठेवा, उताराला तिचा उपयोग चढापेक्षा जास्त होतो.

काजव्यांसाठी येणार असाल तर

हा वेगळाच दौरा आहे, वरच्या क्रमात तो बसवू नका. मेच्या शेवटापासून पावसाचा जोर वाढेपर्यंत, हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर काजवे लुकलुकतात. नेमकी कोणती झाडं ते दरवर्षी बदलतं, गावातल्या माणसालाच विचारा. रात्री किती वाजेपर्यंत प्रवेश, गाड्या कुठवर, हे नियम वनखातं त्या-त्या वर्षी जाहीर करतं. ते बघूनच निघा आणि शनिवार टाळा.

झाडाजवळ गाडीचे दिवे, बॅटरी, मोबाइलचा फ्लॅश, सगळं बंद. काजवे उजेडाने एकमेकांना शोधतात. त्यात तुमचा उजेड घुसला की त्यांचं मीलन बिघडतं आणि पुढच्या वर्षी काजवे कमी. झाडाखालचं गवत तुडवू नका, माद्या जमिनीजवळ असतात. चालताना बॅटरी फक्त पायाशी, कारण याच दिवसांत फुरसं आणि घोणसही बाहेर असतात. डोळे अंधाराला सरावायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. तेवढं न थांबता ‘इथे काहीच नाही’ म्हणून पुढच्या झाडाकडे गाडी हाकणारेच सगळ्यात कमी बघतात.

काही बिनसलं तर

जवळचं सरकारी रुग्णालय राजूरला. रेंज असेल तिथून १०८ किंवा ११२. पण डोंगरात कुणी पडलं तर पहिला निरोप गावात पाठवा. वाट माहीत असलेली चार माणसं गावातून जितक्या लवकर पोहोचतात तितकं दुसरं कुणी पोहोचत नाही. घोटा मुरगळला तर वर बूट काढू नका, सूज आली की परत जात नाही, आणि चालायचं अजून बाकी असतं. साप चावला तर जखम कापायची नाही, घट्ट आवळायची नाही. तो भाग हलू न देता माणसाला उचलून गाडीपर्यंत आणि थेट राजूरला.

रविवारी परतताना बारी किंवा शेंडी दुपारी दोनच्या आत सोडा. कळसूबाईहून उतरायला उशीर झाला तर घोटीला पोहोचून मगच जेवा. चारनंतर याच रस्त्यावर सगळ्या गाड्या एकदम येतात.